हंगामाशिवाय अंतिम फेरी

जून २००८. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात विद्यापीठांच्या बेसबॉलची अंतिम स्पर्धा चालू होती. १९५० पासून ही स्पर्धा याच गावी भरते. देशभरातले आठ संघ तिथवर पोचतात आणि त्यांत बहुधा नावाजलेल्या, पैसेवाल्या विद्यापीठांचाच भरणा असतो. त्या वर्षी त्यांच्यात कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो स्टेट विद्यापीठ होतं. या संघाने वर्षभरात एक नाही, दोन नाही, तब्बल ३१ सामने गमावले. आधीच्या फेरीत चार संघांच्या गटात त्यांना चौथं, म्हणजे शेवटचं मानांकन मिळालं होतं. तरीही ते गट जिंकून पुढे आले, ॲरिझोना स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरवून ओमाहाला पोचले आणि तीन सामन्यांच्या अंतिम लढतीत जॉर्जिया विद्यापीठाला २-१ असं नमवून विजेते झाले. निर्णायक सामना त्यांनी ६-१ असा जिंकला. त्या सहाच्या सहा धावा स्टीव्ह डेटवायलर या एकाच खेळाडूच्या फटक्यांवर आल्या आणि त्याच्या अंगठ्याची लिगामेंट तेव्हा फाटलेली होती. इतकं खालचं मानांकन असलेला संघ त्याआधी कधीही ही स्पर्धा जिंकलेला नव्हता.

इतके सामने हरलेल्या संघाला मुळात आत घेतलं कसं, हा प्रश्न आपल्याला पडतो. याचं उत्तर ‘कॉन्फरन्स’च्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, हंगामोत्तर स्पर्धेत आहे. अमेरिकन विद्यापीठांच्या खेळाची ही व्यवस्था आपल्या पुण्यातल्या इंटर-कॉलेज, इंटर-झोनल व्यवस्थेला कागदावर बरीच जवळची दिसते. प्रत्यक्षात दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि त्याचा फटका आपल्या खेळाडूंना बसतो. तो कसा, ते पाहण्यासाठी आधी तिकडची घडी समजून घेऊ.

अमेरिकेत दहा-पंधरा विद्यापीठं एकत्र येऊन एक कॉन्फरन्स बनवतात. यांतली सर्वांत जुन्यांपैकी एक, म्हणजे आज ‘बिग टेन’ नावाने ओळखली जाणारी, १८९६ सालची. मुळात या कॉन्फरन्स शेजारपाजारच्या विद्यापीठांच्या होत्या, कारण संघ आगगाडीने प्रवास करत. आता दूरचित्रवाणीच्या पैशाने त्यांचा भूगोल पार विस्कटला आहे. ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये २०२४ पासून पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड खेळतं आणि ‘बिग टेन’मध्ये दहा नव्हे, अठरा विद्यापीठं आहेत. असो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत प्रत्येक संघ जास्तीत जास्त ५६ सामने खेळतो. साधारणपणे शुक्रवार, शनिवार, रविवार असे एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने होतात आणि आठवड्याच्या मध्ये एखादा जास्तीचा. हा झाला हंगाम. तो संपला की मेच्या अखेरीस प्रत्येक कॉन्फरन्स आपापली स्पर्धा भरवते. ही चार-सहा दिवसांची स्पर्धा जो जिंकेल त्याला राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळतो. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. त्यांतल्या सुमारे तीस जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी असतात आणि उरलेल्या जागा निवड समिती हंगामभराची कामगिरी पाहून भरते. मग १६ केंद्रांवर चार-चार संघ, तिथले विजेते जोडीजोडीने तीन सामन्यांची लढत खेळणार आणि त्यांतले आठ ओमाहाला जाणार. पहिली अंतिम स्पर्धा १९४७ साली मिशिगनमधल्या कॅलमझू गावी झाली. तेव्हा उपविजेत्या येल विद्यापीठाकडून पहिल्या बेसवर जॉर्ज बुश नावाचा विद्यार्थी खेळत होता. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

फ्रेस्नो स्टेट २००८ मध्ये याच दाराने आत आलं. त्यांनी आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि नियमाने त्यांची जागा पक्की झाली. तिकडे दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात असा एखादा अनपेक्षित विजेता कुणाच्या तरी तोंडचा घास पळवतो आणि समितीच्या भरवशावर बसलेल्या संघाला घरी बसावं लागतं. उलटही घडतं. ज्यांची जागा हंगामातल्या कामगिरीवर पक्की आहे, असे बलाढ्य संघ कॉन्फरन्सच्या स्पर्धेत फार जिवावर उदार होत नाहीत. आपले चांगले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवतात आणि हरले तरी फारसं मनाला लावून घेत नाहीत.

पिचरचा हा हिशोब समजला की बेसबॉलची स्पर्धा अशी का आखतात, तेही समजतं. क्रिकेटमध्ये गोलंदाज षटकागणिक बदलतात. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर एकटाच पाच-सहा डाव सलग टाकतो. १८.४४ मीटरवरून, पूर्ण जोर लावून, शंभराच्या आसपास चेंडू. त्यानंतर त्याच्या खांद्याला चार-पाच दिवसांची विश्रांती लागते. ती दिली नाही तर कोपर जातं. त्यामुळे विद्यापीठाच्या संघात शुक्रवारचा पिचर, शनिवारचा पिचर, रविवारचा पिचर अशी वाटणीच असते. संघ आज किती ताकदवान आहे, हे बरंचसं आज टाकणार कोण यावर ठरतं. म्हणून बेसबॉलमधल्या एका सामन्याच्या निकालाला फारसा अर्थ नसतो. व्यावसायिक लीगमधला उत्तम संघसुद्धा १६२ सामन्यांत साठेक सामने सहज हरतो. हाच संघ बाद पद्धतीच्या स्पर्धेत उतरवला तर तो पहिल्याच दिवशी घरी जाण्याचा धोका बराच मोठा.

यावर तोडगा म्हणून तिकडे दुहेरी बाद पद्धत वापरतात. एक सामना हरला तर संघ बाद होत नाही, खालच्या फळीत जातो. दुसरा हरला की मात्र खेळ संपला. चार संघ घ्या. पहिल्या दिवशी दोन सामने होतात. मग दोन हरलेले आपसात खेळतात, त्यांतला एक बाद होतो. दोन जिंकलेले आपसात खेळतात, त्यांतला हरलेला खाली येतो आणि खालच्या फळीतल्या उरलेल्या संघाशी भिडतो. त्यातून जो वाचेल त्याची गाठ अपराजित संघाशी. अपराजित संघ तिथे हरला तर त्याचाही हा पहिलाच पराभव ठरतो, म्हणून आणखी एक सामना. एकूण सहा किंवा सात सामने. कितीही संघ असले तरी हिशोब सोपा आहे. विजेता सोडून प्रत्येक संघाने दोनदा हरायचं असतं, म्हणून सामन्यांची संख्या संघांच्या दुपटीहून दोनने कमी, आणि विजेताही एकदा हरला असेल तर एकने कमी.

या पद्धतीची खरी गंमत पहिल्या दिवशी हरलेल्या संघाच्या वाट्याला येते. चार संघांच्या गटात न हरता जिंकणारा संघ तीन सामने खेळतो. पहिला सामना हरलेल्याला जिंकायचं असेल तर लागोपाठ चार जिंकावे लागतात, म्हणजे तीन-चार दिवसांत पाच सामने. पाच सामन्यांना पुरतील इतके ताजे पिचर कुणाकडे असतात? म्हणून अशा स्पर्धेत संघाच्या सर्वांत चांगल्या खेळाडूपेक्षा चौथ्या-पाचव्या पिचरची परीक्षा जास्त होते. प्रशिक्षकाचंही कसब लागतं, कारण आज जिंकण्यासाठी उद्याचा पिचर खर्च करायचा की नाही, हे त्याला सातव्या डावात उभ्या-उभ्या ठरवायचं असतं.

आता पुण्यात येऊ.

बेसबॉल हा खेळ आपल्या विद्यापीठांतही आहे, हे अनेकांच्या कानावर नसतं. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, दरवर्षी ज्या आंतरविद्यापीठ स्पर्धा घेतो त्यांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत आणि दोन्हींत मुलगे व मुली अशा वेगवेगळ्या स्पर्धा होतात. इथे एक गोष्ट आपण अमेरिकेहून बरी केली आहे. तिकडे विद्यापीठांत मुलग्यांनी बेसबॉल आणि मुलींनी सॉफ्टबॉल अशी घट्ट विभागणी आहे. तिकडच्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठ बेसबॉल सामन्यात पहिली मुलगी खेळायला २०२३ साल उजाडलं, ती ब्राऊन विद्यापीठाची. आपल्याकडे बेसबॉल खेळणाऱ्या मुलीचं कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते बेसबॉलचंच. सर्वसामान्य वाचकाला या खेळाची आठवण झाली तर ती रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यामुळे. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू २००८ मध्येच एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाने त्यांच्याशी करार केला. विद्यापीठांच्या स्पर्धांशी त्यांच्या निवडीचा काही संबंध नव्हता, ही त्यातली बोलकी बाब.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. पुणे, नगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. खेळासाठी त्यांचे चार विभाग केले आहेत: पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिक. प्रत्येक विभागाची क्रीडा समिती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेते आणि यजमानपद आळीपाळीने निरनिराळ्या महाविद्यालयांकडे जातं. विभागातून निवडलेले संघ आंतरविभागीय स्पर्धेत, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘इंटर-झोनल’ला भिडतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्याचं सराव शिबिर होतं आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला किंवा थेट ‘ऑल इंडिया’ला जातो. महाविद्यालयातून विभाग, विभागातून विद्यापीठ, विद्यापीठातून देश. कॉन्फरन्स, केंद्र, ओमाहा या पायऱ्यांशी हे सारं जुळतं.

पायऱ्या जुळतात, पण त्या चढणारा वेगळा असतो. फ्रेस्नो स्टेट कॉन्फरन्स जिंकलं तेव्हा तोच संघ, तेच खेळाडू, तोच प्रशिक्षक पुढे गेला. आपल्याकडे एखाद्या महाविद्यालयाने शहर विभागाचं विजेतेपद मिळवलं की करंडक जिमखान्याच्या कपाटात जातो आणि संघाचा प्रवास तिथेच थांबतो. पुढे जातात त्यातले निवडक खेळाडू, आणि त्यांच्याबरोबर हरलेल्या महाविद्यालयांतले निवडक खेळाडू. स्पर्धा महाविद्यालयांची असते, पण तिचं काम खेळाडू चाळण्याचं.

या निवडीच्या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे दुबळ्या संघातला चांगला खेळाडू वाया जात नाही. क्रिकेटमध्ये याचं पुण्यातलंच ठळक उदाहरण आहे. विद्यापीठांच्या क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासून खेळला जातो. मुंबईच्या अर्देशीर बारिया यांनी मुलाच्या स्मरणार्थ तो दिला होता. त्यावर आणखी एक पायरी १९६६-६७ मध्ये चढवण्यात आली. विझियानगरमच्या महाराजकुमारांच्या नावाने विझी करंडक सुरू झाला आणि त्यात विद्यापीठं नव्हे, तर चार विभागांचे निवडक संघ खेळू लागले. त्याच वर्षी वाडिया महाविद्यालयाचा एक विद्यार्थी पुणे विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया स्पर्धेत खेळला. कमल भांडारकरांच्या हाताखाली शिकलेला हा सलामीचा फलंदाज पश्चिम विभागासाठी निवडला गेला. उत्तर विभागाविरुद्ध त्याने १०३ धावा केल्या, दक्षिण विभागाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८८ आणि ६३. नाव चेतन चौहान. समोरच्या टोकाला मुंबई विद्यापीठाचा सतरा वर्षांचा सुनील गावसकर. त्या धावांच्या जोरावर चौहान महाराष्ट्राच्या रणजी संघात आले, आणि बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, याच जोडीने ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध २१३ धावांची सलामी दिली. पुण्याचा आणि मुंबईचा खेळाडू एका संघात आणणारी निवडीची पायरी नसती, तर ही जोडी इतक्या लवकर जमली नसती.

मग अडतं कुठे? निवड करायला खेळ पाहावा लागतो, आणि तो पुरेसा पाहायला मिळत नाही. अमेरिकन विद्यापीठाची हंगामोत्तर स्पर्धा हंगाम संपल्यावर येते, आधी ५० हून जास्त सामने झालेले असतात. आपल्याकडे आधी काही नसतं. महाविद्यालयीन संघाचा सगळा हंगाम म्हणजे ती एक स्पर्धा, आणि ती बाद पद्धतीची. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाचं वर्ष एका सकाळी संपतं. अकरा महाविद्यालयांची नावं आली, तर भाग्यपत्रिका सोळाच्या चौकटीत बसवतात. पाच संघांना बाय मिळतो, सहा संघ पहिल्या फेरीत खेळतात, आणि दहा सामन्यांत निकाल लागतो. त्यात एखाद्या संघाचे खेळाडू परीक्षेमुळे आले नाहीत तर वॉकओव्हर. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात हे गणित पहिल्याच वर्षी शिकवतात आणि आयोजकाच्या दृष्टीने ते बिनचूक आहे: मैदान कमी, दिवस कमी, पंच कमी. साखळी पद्धतीने खेळायचं तर याच अकरा संघांना ५५ सामने लागतील.

पण निवड समितीच्या दृष्टीने बघा. बेसबॉलमध्ये फटकेबाजी करणाऱ्याला दहा संधींत तीनदा यश आलं तर तो उत्तम मानला जातो. दहांत दोनदाच यश येणारा संघाबाहेर जातो. एका सामन्यात खेळाडूच्या वाट्याला साधारण चार संधी येतात. दोन सामने खेळून बाद झालेल्या संघातल्या मुलाला मिळाल्या आठ. आता थोडं शक्यतेचं गणित करू. दहांत तीनवाला, म्हणजे चांगला खेळाडू, या आठ संधींत एकदाच यशस्वी होण्याची किंवा पूर्ण कोरडा जाण्याची शक्यता २५ टक्के आहे. दहांत दोनवाला, म्हणजे सुमार खेळाडू, आठांत तीन किंवा त्याहून जास्त वेळा यशस्वी होण्याची शक्यता २० टक्के. म्हणजे चार चांगल्या खेळाडूंतला एक नालायक दिसणार आणि पाच सुमार खेळाडूंतला एक चमकणार, नुसत्या योगायोगाने. समितीत कितीही जाणकार बसवले तरी आठ संधींवरून हे दोघे वेगळे ओळखणं त्यांना शक्य नाही. मग ते साहजिकच मागच्या वर्षीचा ‘कलरहोल्डर’, म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेला, घेतात, शालेय राज्य स्पर्धा खेळलेला घेतात, माहितीतल्या क्लबचा घेतात. निवडीनंतर पक्षपाताची कुजबुज होते. काही वेळा ती खरीही असेल. पण पुष्कळदा समितीकडे वशिल्याशिवाय दुसरी माहितीच नसते, असं मला वाटतं.

अमेरिकन खेळाडूच्या नावावर हंगामअखेर दोनशेच्या आसपास संधी जमा असतात. तिथे योगायोगाला फार जागा उरत नाही. म्हणूनच त्या निवड समितीला ६४ तल्या निम्म्या जागा आकड्यांवरून भरण्याचा धीर होतो.

एकाच शहरात सगळ्यांना सारखा मार्ग आहे, असंही नाही. भारती विद्यापीठ १९९६ पासून आणि सिंबायोसिस २००२ पासून अभिमत विद्यापीठ आहे. सीओईपी, १८५४ पासूनची जुनी संस्था, २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. या संस्थांचे संघ स्वतःच्या नावाने थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतात. फर्ग्युसन, स. प. किंवा गरवारेच्या मुलाला आधी शहर विभाग, मग आंतरविभागीय, मग शिबिर अशी गाळणी ओलांडावी लागते. म्हणजे कर्वे रस्त्यावरून दोन मुली एकाच वेळी सरावाला निघाल्या, तर त्यांतल्या एकीला पश्चिम विभागात खेळायला फक्त आपल्या संस्थेच्या मैदानावर निवड व्हावी लागते आणि दुसरीला तीन जिल्ह्यांशी स्पर्धा करावी लागते. अभिमत विद्यापीठाचा संघ हा खऱ्या अर्थाने अमेरिकन पद्धतीचा संघ आहे: संस्था खेळते, संस्था पुढे जाते.

संस्थेने पुढे जायचं ही पद्धत पुणेकरांना परकी आहे असंही कुणी समजू नये. याच शहरात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा चालते. तिच्या प्राथमिक फेरीतून महाविद्यालय अंतिम फेरीत जातं, पुणे केंद्रातून आणि बाहेरच्या केंद्रांवरून निवडलेले संघ महाअंतिम फेरीत जातात, आणि प्रत्येक पायरीवर तोच संघ, तीच एकांकिका, तेच ‘आवाज कुणाचा’ असतं. म्हणून तर भरत नाट्य मंदिराबाहेर रांगा लागतात. आपल्या महाविद्यालयाचा विभागीय विजेता संघ पुढच्या फेरीत दिसणारच नसेल, तर मैदानावर त्याच्यासाठी ओरडायला कोण जाणार? (नाटकवाल्यांना एक जास्तीची सोय आहे. २०२२ मध्ये परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची वाटली नाही, म्हणून त्यांनी तो कुणालाच दिला नाही. मैदानावरच्या पंचांना ही चैन परवडत नाही. तिथे दहा चुका केलेल्या संघाला अकरा चुका केलेल्याविरुद्ध विजेता म्हणावंच लागतं.)

हे सारं वाचून पुणे विद्यापीठ खेळात मागे आहे, असा समज होऊ नये. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, तेव्हा पुणे विद्यापीठ देशात दुसरं आलं. पहिल्या आलेल्या चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाची आणि आपली सुवर्णपदकं सारखीच होती, प्रत्येकी १७. फरक पडला तो रौप्यपदकांनी. पण पदकांचा मोठा वाटा वैयक्तिक खेळांतून येतो, आणि तिथे निवडीचं गणित सोपं असतं. धावपटूची वेळ घड्याळ सांगतं, वजन उचलणाऱ्याने किती उचललं ते चकत्यांवर लिहिलेलं असतं. सांघिक खेळात, आणि त्यातही बेसबॉलसारख्या योगायोगाने भरलेल्या खेळात, घड्याळाचं काम सामन्यांच्या संख्येला करावं लागतं.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. विद्यापीठ पातळीवरच्या प्रमाणपत्रावर परीक्षेतले क्रीडागुण अवलंबून असतात. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि तिथे कोणत्या पातळीवर, कितव्या क्रमांकापर्यंत खेळलात, हे काटेकोर तपासलं जातं. विभागीय निवडीच्या दोन सामन्यांतल्या आठ संधींत एकच फटका बसला, तर त्या मुलाच्या हातून केवळ एक दौरा जात नाही.

मग हंगाम का होत नाही? कारणं खोटी नाहीत. प्रथम वर्षाचे प्रवेश पावसाळाभर रेंगाळतात आणि प्रवेश झाल्याशिवाय पात्रता अर्ज भरता येत नाही. सत्र पद्धतीमुळे दिवाळीच्या आगेमागे परीक्षा येतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा एआययू ठरवतं, त्यामुळे विद्यापीठाला आपला संघ त्याआधी उभा करावाच लागतो. बेसबॉलचा चौकोन प्रत्येक बाजूने २७.४३ मीटरचा, त्यापलीकडे खोल मैदान लागतं, आणि शहरातली अशी मैदानं सकाळ-संध्याकाळ क्रिकेटच्या शिबिरांनी भरलेली असतात. क्रीडा संचालक बहुतेक ठिकाणी एकटा असतो आणि त्याच्या माथी वीस-पंचवीस खेळ असतात. त्याला एका खेळाची स्पर्धा एका दिवसात उरकता आली तर तो दोन दिवस कशाला घालवेल?

तरी बेसबॉलपुरतं हे सुटण्यासारखं आहे, कारण इथे संघ थोडे आहेत. शहरातल्या आठ महाविद्यालयांनी ठरवलं तर साखळीचे २८ सामने होतात. दर रविवारी चार सामने, दोन मैदानांवर दोन-दोन. सात रविवारांत साखळी पूर्ण होते. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला २८ च्या आसपास संधी येतात. तेवढ्याने योगायोग संपत नाही, पण आठ संधींपेक्षा चित्र पुष्कळ स्पष्ट होतं, आणि प्रत्येक पिचरला दोन सामन्यांमध्ये आठवडाभर विश्रांतीही मिळते. नंतर पहिल्या चार संघांची दुहेरी बाद पद्धतीने शहर स्पर्धा घ्यावी, सहा किंवा सात सामन्यांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस ओसरल्यावर तिला दोन आठवडे पुरतात. गुणलेखनासाठी शारीरिक शिक्षण महाविद्यालयांचे विद्यार्थी आहेत, त्यांना प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. निवड समितीने रविवारी येऊन बसावं किंवा निदान गुणपत्रक मागवून वाचावं.

यासाठी नियम बदलायला नको, नवं मंडळ नको, मोठा खर्चही नाही. विद्यापीठाच्या क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाने आणि शहरातल्या आठ प्राचार्यांनी एका वर्षापुरतं हे करून पाहावं. आणि तुमच्या घरात महाविद्यालयात जाणारं कुणी असेल, तर त्यांच्या जिमखान्यात एकदा विचारा की यंदाच्या स्पर्धेआधी संघ किती सामने खेळणार आहे. हा प्रश्न पालकांकडून आला की त्याचं उत्तर शोधावं लागतं.